कृतिसंशोधन चौघांत करायचं असेल तर: पहिल्यांदाच करणाऱ्या शिक्षकांसाठी

डी.एल.एड. किंवा बी.एड. करताना आपण प्रत्येकाने एक कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गात एखादा बदल करून त्याने काय होतं ते तपासणं, 'सादर' केलेलं असतं. शीर्षक मागच्या बॅचचं, आलेख एक्सेलचे आणि निष्कर्ष आधीच ठरलेला: उपक्रमानंतर विद्यार्थ्यांच्या गुणांत लक्षणीय वाढ झाली. सही-शिक्का झाला की फाइल कपाटात. हा लेख त्या फाइलसाठी नाही. नोकरी लागल्यावर स्वतःच्या वर्गात, शेजारच्या शाळेतले दोन-तीन शिक्षक सोबत घेऊन जे काम करता येतं त्यासाठी आहे. मी नागपूर शहराला लागून असलेल्या एका केंद्रात (जवळपासच्या शाळांच्या गटात) शिकवते. आमच्या गटाने हे काम केलं तेव्हा जिथे जिथे अडलो, त्या जागा नव्या लोकांना आधी माहीत असाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

थोडक्यात पार्श्वभूमी. 'कृतिसंशोधन' ही कल्पना कर्ट लेविन या समाजमानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मांडली. शाळेत ती आणली अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५० च्या दशकात, आणि शिक्षक हाच संशोधक असला पाहिजे हा आग्रह इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७० च्या दशकात धरला. नियोजन, कृती, निरीक्षण, चिंतन आणि पुन्हा नियोजन हे आवर्तन आपल्या प्रशिक्षणात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पाठ करताना एक गोष्ट मात्र निसटते: यात तपासायचं असतं ते आपलं शिकवणं. आणि स्वतःचं शिकवणं एकट्याला नीट दिसत नाही. फळ्याकडे तोंड असताना मागे काय चाललं आहे ते दुसऱ्याच कोणाला दिसतं. सहयोगी कृतिसंशोधनात 'सहयोगी' शब्दाचं काम एवढंच.

हाताशी काय असावं

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, प्रत्येक शाळेची वेगळी
- पालकांचं संमतीपत्र, साध्या मराठीत, आणि लागेल तिथे हिंदीत
- चौघांची वेळापत्रकं एका कागदावर
- प्रत्येकाची एक शंभरपानी वही. सुट्टे कागद हरवतात
- हजेरीपत्रकाची त्या काळातली नक्कल
- आवाज रेकॉर्ड होईल असा कोणताही फोन
- मुलांच्या कामाचे फोटो किंवा झेरॉक्स, नावाऐवजी क्रमांक टाकून

खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा आणि वह्यांचा. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाऊन रंगीत फाइल, स्पायरल बाइंडिंग, लॅमिनेशन यांत पैसे घालवू नका. निदान आत्ताच नको.

१. माणसं जमवा, पण चारच

तीन किंवा चार. पाच झाले की भेटीची तारीख जुळत नाही, दोन असले तर एक रजेवर गेला की काम थांबतं. एकाच केंद्रातल्या शाळा असतील तर उत्तम, कारण महिन्याच्या शिक्षण परिषदेला तसेही भेटता. एरवी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर बसा. भूक लागलेली असते, म्हणून पोहे आधी आणि चर्चा नंतर. तर्री जास्त झाली तर चर्चा लवकर आटोपते, हेही ध्यानात ठेवा.

गटात कोण असावं यावर जरा विचार करा. एकाच इयत्तेचे किंवा लागोपाठच्या इयत्तांचे शिक्षक असले की बोलायला समान काही असतं. मुख्याध्यापकांना पहिल्या आवर्तनात गटात घेऊ नका. माणूस कितीही चांगला असो, तो वर्गात येऊन बसला की तपासणी सुरू झाली असंच वाटतं.

आणखी एक, जे कोणी उघड बोलत नाही. गटात एक शिक्षणसेवक (मानधनावर नुकताच लागलेला शिक्षक) आणि एक वीस वर्षं नोकरी झालेले सर असतील, तर शिक्षणसेवक तोंड उघडणार नाही. यावर एकच उपाय लागू पडतो: पहिलं निरीक्षण ज्येष्ठ सरांच्या वर्गाचं ठेवा आणि ते नव्या शिक्षकाला करायला सांगा. सरांनी मोकळेपणाने ऐकून घेतलं की गट जमला. नाही घेतलं, तर ते सुरुवातीलाच कळलेलं बरं.

२. विषयाआधी दिनदर्शिका

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी भरतात. पहिले दोन आठवडे प्रवेश, पुस्तकवाटप, गणवेश यांत जातात. पुढे पोळा, नागपुरात दुसऱ्या दिवशी मारबत आणि तान्हा पोळा, मग गणपती, मग सत्र परीक्षा. मध्येच मतदारयादीचं काम किंवा कुठलं तरी सर्वेक्षण. म्हणून पहिलं आवर्तन जुलैच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत आणि दुसरं दिवाळीनंतर, असं धरा. मार्चमध्ये सुरू करायच्या फंदात पडू नका. शाळा सकाळची होते, ऊन चढतं आणि सगळ्यांचं लक्ष परीक्षेकडे असतं.

ग्रामीण भागात असाल तर कापूस वेचणीचा काळही आधी पाहा. भिवापूरकडे मिरचीचा तोडा असतो. त्या दिवसांत वर्गातली चार-सहा मुलं सलग गैरहजर राहतात. ती मुलं उपक्रमात नव्हतीच आणि शेवटच्या चाचणीला आली, तर 'प्रगती झाली नाही' या रकान्यात त्यांना टाकणं चूक आहे. हजेरीपत्रकाची नक्कल यादीत आहे ती यासाठी.

३. प्रश्न स्वतःकडे वळवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन बैठका गेल्या तरी चालेल.

आपल्याकडचं नेहमीचं शीर्षक कसं असतं? 'इयत्ता चौथीतील विद्यार्थ्यांना हातच्याच्या वजाबाकीत येणाऱ्या अडचणींचा शोध घेणे व उपाययोजना करणे.' वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण अडचण मुलांची, उपाययोजना आपली, म्हणजे आपण आधीपासूनच बरोबर! असं शीर्षक घेतलं की शिक्षकाचं वागणं तपासायला जागाच उरत नाही.

तोच विषय असा लिहून पाहा: 'शून्य असलेल्या संख्येतली वजाबाकी शिकवताना मी उभ्या मांडणीऐवजी नोटांपासून सुरुवात केली, तर मुलं काय वेगळं करतात?' यात 'मी' आहे, मी बदलणार असलेली एक गोष्ट आहे, आणि बघायचं काय तेही आहे. प्रश्न बरोबर आहे की नाही ते पाहायला या तीन गोष्टी पुरतात.

विषय चौघांचा एक असू द्या, प्रश्न ज्याचा त्याचा. आमचा विषय वजाबाकी होता. एकीने मांडणी बदलली, एकाने गृहपाठ बदलला, आणि एका सरांनी ठरवलं की प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबतो तेच बघायचं. हा तिसरा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. फोनवरच्या घड्याळाने हे कोणीही मोजू शकतं. नव्या गटाने काहीच सुचत नसेल तर हाच प्रश्न घ्यावा, असं माझं मत आहे.

४. परवानगी आणि संमती

मुख्याध्यापकांना एक पानी पत्र द्या: कोण, कधी, कोणत्या वर्गात येऊन बसणार आणि नोंदी कोणाकडे राहणार. केंद्रप्रमुखांना एक प्रत. संमतीपत्र पालकसभेत वाचून दाखवा. नुसतं दप्तरात घालून घरी पाठवलं तर अंगठा उठून येतो, संमती येत नाही.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ शाळेच्या किंवा केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. उपक्रम छान चालला की हात शिवशिवतात, ते मला कळतं. तरी नाही.

५. सुरुवातीची चाचणी: गुण देऊ नका, चूक वाचा

पाच उदाहरणांची चिठ्ठी पुरते. आमची अशी होती: ५२ − २७, ५८६ − २४३, ४०३ − १६८, ५०२ − २४७ आणि एक शाब्दिक, ५०० रुपयांतून २६५ रुपयांचं सामान. दुसऱ्या उदाहरणात हातचा लागतच नाही. ते मुद्दाम घातलं होतं, कारण काही मुलं सवयीने तिथेही हातचा घेतात.

आता ४०३ − १६८ घ्या. उत्तर २३५. वर्गात तीन वेगळी चुकीची उत्तरं सापडली.

३६५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं, वर कोणता आणि खाली कोणता ते पाहत नाही. २६५ लिहिणारं मूल हातचा घेतं, पण शून्यावरून उडी मारून थेट शतकाकडून घेतं, आणि दशकाच्या घरात ० मधून ६ जात नाहीत म्हणून ६ मधून ० वजा करतं. २०५ लिहिणारं मूलही तशीच उडी मारतं, फक्त दशकाच्या घरात 'शून्यातून काही जात नाही' म्हणून शून्यच ठेवतं.

लाल पेनने तिघांनाही फुलीच मिळते. पण पहिल्याला स्थानिक किंमतच हाताळायला द्यावी लागेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला शंभराच्या नोटेचे आधी दहा दशक करावे लागतात एवढंच दाखवायला हवं. टक्केवारीत यातलं काही दिसत नाही. शिवाय पट १८ असेल तर एक मूल म्हणजे साडेपाच टक्के. एका मुलाला ताप आला की निष्कर्ष बदलतो. म्हणून तक्त्यात टक्के लिहू नका, 'कोणती चूक, किती मुलं' असं लिहा.

चिठ्ठी झाल्यावर चार-पाच मुलांना एकेकटं जवळ बसवून विचारा, 'हे कसं केलंस, मला सांग.' मूल ज्या बोलीत बोलतं त्या बोलीतच ऐका आणि तसंच लिहा. ३६५ लिहिणाऱ्या एका मुलाने मला सांगितलं, "मॅडम, तिनातून आठ जातच नाई, म्हणून आठातून तीन काढले ना." त्याच्या दृष्टीने हिशेब चोख होता. ही ओळ वहीत जशीच्या तशी असेल तर उपाय काय करायचा ते वेगळं शोधावं लागत नाही.

६. बदल एकच करा

उत्साहाच्या भरात नोटा, खेळ, गाणं, व्हिडिओ, गटकार्य असं सगळं एकदम सुरू केलं तर शेवटी कशाने काय झालं ते कळत नाही. एक बदल, तीन ते चार आठवडे.

मी कागदी नोटा घेतल्या: शंभराच्या, दहाच्या आणि एकेकाचे तुकडे. ४०३ रुपयांतून १६८ द्यायचे. सुटे तीनच, दहाची एकही नोट नाही. मूल आपोआप म्हणतं, शंभराचे सुटे द्या. मग दहाच्या दहा नोटा, त्यातल्या एकीचे दहा सुटे. फळ्यावर मांडणी चौथ्या दिवशी आली.

अर्ध्या वर्गाला उपक्रम आणि अर्ध्याला नाही, अशी तुलना करू नका. एवढ्या लहान वर्गात त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि ज्या मुलांना मुद्दाम वंचित ठेवलं त्यांच्या पालकांना काय सांगणार?

७. एकमेकांच्या वर्गात बसा

आता मुख्य काम. आणि इथेच सगळ्यात जास्त अडचणी.

द्विशिक्षकी शाळेतून बाहेर पडायचं कसं, हा पहिला प्रश्न. एक शिक्षक दुसऱ्या शाळेत गेला तर इकडे चार इयत्ता एकाच्या अंगावर. यावर तीन वाटा आहेत. इंटर्नशिपचे छात्राध्यापक शाळेत असतील ते आठवडे निरीक्षणासाठी राखून ठेवा. नाहीतर सोबतच्या शिक्षकाशी ठरवून एका तासापुरते वर्ग जोडा आणि मुलांना वाचनाचं काम द्या. तेही जमत नसेल तर फोन खिडकीत ठेवून आपल्याच तासाचा आवाज रेकॉर्ड करा आणि गटाने तो एकत्र ऐकावा. आवाजात मुलांचे चेहरे दिसत नाहीत, पण प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबलो, कोणाची नावं घेतली आणि 'समजलं का?' किती वेळा म्हणालो, हे सगळं कळतं.

निरीक्षकाने शेवटच्या बाकावर बसू नये. तिथून मुलांच्या पाठी दिसतात. बाजूच्या भिंतीशी, पुढच्या ओळींच्या अंगाला बसावं, म्हणजे चेहरे आणि पाट्या दोन्ही दिसतात.

काय पाहायचं ते वर्गशिक्षकाने आधी सांगायचं, आणि निरीक्षकाने तेवढंच पाहायचं. मी विचारलं होतं: मुलं कुठे अडतात? वहीचं पान उभं दुभंगून डावीकडे घडलेलं, उजवीकडे मनात आलेलं. माझ्या तासाच्या डाव्या रकान्यातली एक नोंद अशी होती: 'मॅडमनी विचारलं, शून्यातून सहा जातील का? वर्ग एका सुरात: नाही. मॅडम पुढे गेल्या. खिडकीजवळच्या मुलीच्या पाटीवर सहा लिहिलेलं होतं, तिने ते हाताने झाकलं.'

मी त्या तासाला वर्गातच होते, आणि मला तो एकसुरी 'नाही' ऐकून समाधान वाटलं होतं. पाटीवरचा सहा दिसण्याची माझी जागाच नव्हती. त्यानंतर मी 'वर्गाला' प्रश्न विचारणं कमी केलं. आधी पाटीवर लिहा, मग पाट्या वर करा.

८. तासानंतर बोलायचं कसं

त्याच दिवशी बोला, दुसऱ्या दिवशी धार जाते. आधी वर्गशिक्षकाने बोलायचं. मग निरीक्षकाने डावा रकाना वाचून दाखवायचा. उजवा रकाना विचारला तरच. सल्ला तर मागितल्याशिवाय नाहीच. 'मी असते तर असं केलं असतं' हे वाक्य गटात बंद ठेवा.

नोंदींचे कागद वर्गशिक्षकाच्या ताब्यात द्यायचे. निरीक्षकाने फोटो काढून ठेवायचा नाही. एकदा का तो कागद शेरेपुस्तिकेसारखा वापरला जाईल अशी शंका आली, की पुढच्या वेळी सगळे ठेवणीतला पाठ घेऊन दाखवतात.

गटातल्या भांडणांविषयी फार लिहीत नाही. ती होतात. बहुतेक वेळा कारण वेळेवर न येणं हेच असतं.

९. शेवटची चाचणी आणि दुसरं आवर्तन

तीच चिठ्ठी पुन्हा देऊ नका. मुलांना उत्तरं पाठ असतात, आणि आपल्याला बरं वाटतं. रचना तीच ठेवून अंक बदला: ४०३ − १६८ ऐवजी ६०४ − ३७९. उत्तर २२५. तीन आठवड्यांनी, मध्ये काही न शिकवता, आणखी एकदा द्या. खरी परिस्थिती त्या तिसऱ्या चिठ्ठीत दिसते.

आमच्याकडे नोटा हातात असताना जवळपास सगळ्यांना जमत होतं. नोटा काढून घेतल्या की काही मुलं पुन्हा ३६५ च्या वाटेने गेली. म्हणजे नोटा आणि फळ्यावरची मांडणी यांच्यामध्ये एक पायरी कमी होती. दिवाळीनंतरच्या आवर्तनात तेवढाच बदल केला: मुलांनी नोटांचं चित्र वहीत काढायचं, मोडलेली नोट खोडायची, आणि प्रत्येक वेळी खोडताना शेजारी मांडणीतला अंक बदलायचा. यावेळी तिसऱ्या चिठ्ठीत ३६५ वाली चूक फारच थोड्यांची उरली. २०५ वाली मात्र दोघांची तशीच राहिली, आणि त्यावर अजून काम चालू आहे.

अपेक्षेप्रमाणे झालं नाही तर तसंच लिहा. फसलेलं पहिलं आवर्तन नसेल तर दुसऱ्यात नेमकं काय बदलायचं ते ठरवता येत नाही.

१०. अहवाल

डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) किंवा स्पर्धेला द्यायचा असेल तर ठरलेला नमुना पाळा: शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, कृतिपरिकल्पना (काय केलं तर काय होईल याचा अंदाज), कार्यपद्धती, साधने, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी. नमुना दरवर्षी थोडा बदलतो, म्हणून मागच्या वर्षीची फाइल समोर ठेवून लिहू नका, चालू परिपत्रक मागवून घ्या. गटाचं काम असेल तर चौघांची नावं घालता येतात का तेही आधीच विचारा. काही ठिकाणी एकाच नावाने प्रस्ताव घेतात, आणि मग शेवटच्या आठवड्यात गट फुटतो. नाव एकाचंच जाणार असेल तर कोणाचं, हे पहिल्याच बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवा.

नमुन्यात न बसणारं बरंच उरतं: मुलांची वाक्यं, डावे रकाने, पाट्यांचे फोटो. त्यासाठी शिक्षण परिषदेत वीस मिनिटं मागून घ्या. पीपीटी नको. ४०३ − १६८ फळ्यावर लिहा, खाली ३६५, २६५, २०५ लिहा, आणि समोरच्या शिक्षकांना विचारा की ही तीन मुलं काय विचार करत असतील. पुढच्या वर्षीच्या गटासाठी माणसं तिथेच मिळतात.